वडिलांची बारा बोअर विकायची आहे, फोटो नीट कसे काढायचे?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या वडिलांची डबल बार बारा बोअर, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे, विलायती, बर्मिंगहॅमची. वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. पाटण तालुक्यात आमची शेती आहे, तिथं रानडुकरं आणि गव्यांचा त्रास, म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना होता. वडील गेल्यावर बंदूक लगेच परवानाधारक दुकानात जमा केली, पावती आहे. आम्हा भावंडांत कुणी परवाना काढणार नाही, तेव्हा ती योग्य माणसाकडे जावी असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

दुकानदार चांगले आहेत. ते म्हणाले, आमच्या साइटवर टाकतो, पण गिऱ्हाईक सांगली, सोलापूर, नगर कुठूनही येईल, फोटो बघूनच फोन करील, तेव्हा फोटो तुमच्या मनासारखे तुम्हीच काढा. दुकानात त्यांच्यासमोर काढायचे आहेत. त्यांच्या साइटवरच्या बाकी बंदुका बघितल्या तर सगळीकडे एक काळी पट्टी आणि मधे फ्लॅशचा पांढरा डाग. कुठली कुठली तेही ओळखू येत नाही.

माझ्याकडे फोन आहे, मोठा कॅमेरा नाही. वडिलांनी ही बंदूक फार जपली होती. ती जशी आहे तशी दिसावी एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी सांगावं.

फलटणरोड

दादा, वडिलांना आदरांजली.

फोटोच्या आधी कायद्याचं बोलतो, कारण हा धागा उद्या दुसरंही कुणी वाचेल. परवानाधारक मयत झाल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची, आणि कायदेशीर वारसाला ती हक्कदार माणसाला विकता येते. शस्त्र कायदा १९५९, कलम २१. तुमचं त्यात बसतंय. ज्यांची बंदूक स्वतःच्या परवान्यावर आहे आणि दुकान मधे न घेता दुसऱ्या परवानाधारकाला द्यायची आहे, त्यांना कलम ५ लागतं. जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे. मगच बंदूक हातातून द्यायची. म्हणून जाहिरातीत "आज या, घेऊन जा" असलं काही लिहू नका.

फेसबुक, इन्स्टाग्रामवर टाकायचा विचार कुणी करत असेल तर सोडून द्या. खाजगी माणसांनी आपापसात बंदुका विकायच्या पोस्टी त्यांनी २०१६ पासूनच बंद केल्यात. जुन्या सामानाच्या साइटवरही हे चालत नाही. दुकानाची स्वतःची साइट हाच सरळ रस्ता आहे.

आणि बंदूक हातात धरून कुणाचा फोटो नको. वडिलांचा जुना फोटोसुद्धा जाहिरातीत नको.

ओगलेवाडी

कोयनाकाठ, मी दागिने आणि भांडी यांचे फोटो काढण्याचं काम करतो. कराडच्या बाजूला दोन-तीन परवानाधारक मित्रांच्या बंदुकांचेही काढून दिलेत. सविस्तर लिहितो, कारण हे काम सोपं वाटतं पण वस्तू कॅमेऱ्यासाठी अवघड आहे. लांबलचक, बारीक, निम्मी काळी चकचकीत आणि निम्मी पॉलिश केलेल्या लाकडाची. चारही गोष्टी कॅमेऱ्याला नको असतात.

सगळ्यात आधी दुकानदारांना बंदूक मधून उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, रिकामे असल्याचं तुमच्यासमोर दाखवायला सांगा. ते रोज हाताळतात, तरी सांगा. फ्रेममध्ये, टेबलावर, मागच्या फळीवर कुठंही काडतूस नको. डबल बारचा फायदा असा की ती तीन भागांत सुटते: नळ्या, पुढचा लाकडी फोरएंड, आणि ॲक्शनसकट (म्हणजे बंदूक उडवायच्या यंत्रणेसकट) दस्ता. पूर्ण जोडलेल्या बंदुकीचे दोनच फोटो लागतात, उजवी बाजू आणि डावी बाजू. बाकीचे सगळे सुट्या भागांचे काढा. सुटी असली की निर्धोकही असते आणि फोटोही चांगले येतात.

आता उजेड. फ्लॅश बंद. ट्यूबलाइटही बंद करायला सांगा, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड मिसळला की ब्ल्यूइंगचा, म्हणजे धातूवरच्या संरक्षक थराचा, निळसर काळा रंग कुठं हिरवट, कुठं तपकिरी दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं गंज आहे. मोठ्या खिडकीजवळ टेबल घ्या, पण थेट ऊन नको. ऊन येत असेल तर काचेवर पातळ पांढरं कापड किंवा ट्रेसिंग पेपर लावा. सध्या पावसाळी आभाळ आहे ते उलट चांगलं, ढगातून आलेला उजेड सगळीकडे सारखा पसरतो. फक्त रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी शटरजवळची जागा घेऊ नका. आतली खिडकी बघा.

खिडकीच्या समोरच्या बाजूला, म्हणजे बंदुकीच्या अंधाऱ्या बाजूला, पांढऱ्या थर्माकोलची मोठी शीट उभी करा. नळी गोल आणि चकचकीत आहे. तिच्यावर जे काही दिसतं ते समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब असतं. समोर काळोख असेल तर नळी काळी. समोर पांढरी शीट असेल तर नळीच्या लांबीभर एक मऊ उजळ रेघ येते आणि तिची गोलाई डोळ्यांना कळते. शीट थोडी मागे-पुढे, तिरकी करून बघा, ती रेघ कशी सरकते ते दिसेल. जिथं नळीला पोचा आला असेल तिथं ही रेघ वाकडी होते. पोचा नसेल तर ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ जाते आणि तोच तुमचा पुरावा.

फोनचं: नेहमीच्या रुंद लेन्सने जवळून काढलं की कॅमेऱ्याजवळचा भाग फुगतो, नळ्यांचं तोंड अवजड आणि दस्ता चिमुकला दिसतो. मागे सरका आणि दोन पटीची लेन्स वापरा. बंदूक टेबलावर आडवी, फोन बरोबर तिच्या मध्यावर, पातळीत. स्टँड घ्या, नसेल तर दोन स्टुलांवर फळी टाकून फोन कडेला ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. हाताने काढलेला फोटो छोट्या स्क्रीनवर ठीक वाटतो, मोठा केला की हललेला असतो. पोर्ट्रेट मोड, ब्युटी, नाइट मोड, आपोआप सुधारणा करणारं जे काही असेल ते बंद. ही सगळी सोंगं धातूवरचे बारीक खड्डे गुळगुळीत करून टाकतात आणि घेणारा माणूस नेमकं तेच शोधत असतो.

स्क्रीनवर बंदुकीच्या ॲक्शनवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होईल. मग बोट वर सरकवून उजेड थोडा वाढवा. पांढरं कापड असेल तर फोन समजतो की फारच उजेड आहे, आणि सगळं काळवंडून टाकतो. तुम्हाला दुकानाच्या साइटवर काळी पट्टी दिसली ती त्यामुळेच.

माणदेशी_मेंढका

ओगलेवाडी साहेब, खाली काय अंथरायचं? आमच्याकडं घोंगडी आहे, हातमागाची. तिच्यावर काय बी ठिवलं तरी उठून दिसतंय. चमकत बी नाही.

ओगलेवाडी

मेंढका दादा, घोंगडी चमकत नाही हे खरं, आणि लाकडाचा रंग तिच्यावर सुंदर येतो. दोन अडचणी आहेत. काळ्या घोंगडीवर काळी नळी विरघळून जाते, कड कुठं संपली ते कळत नाही. करडी असेल तर चालेल. दुसरं, लोकरीचे तंतू तेलकट धातूला चिकटतात आणि जवळच्या फोटोत ते ओरखड्यासारखे दिसतात. घेणारा लांब बसलाय, त्याला तंतू आणि ओरखडा यातला फरक कसा कळणार?

माझी पसंती करड्या किंवा मळखाऊ खाकी रंगाच्या सुती कापडाला. इस्त्री केलेलं. सुरकुत्यांकडे नजर फार जाते. नळीखाली दोन ठिकाणी त्याच कापडात गुंडाळलेल्या वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवल्या की बंदूक कापडापासून थोडी वर राहते आणि सावली मऊ पडते.

मिरजेचा_तंबोरा

मी मिरजेत तंतुवाद्यांच्या कामात आहे. आमची वाद्यं देशभर आणि परदेशात फोटोवरच विकली जातात, त्यामुळे पॉलिश केलेल्या लाकडाचं थोडं सांगू शकतो. तसं बघितलं तर हा विषय आमच्या गावाला परका नाही. मिरजेतले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार आणि झिलई करणारी माणसं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तसे ते सतार-तंबोऱ्याकडे वळले. आज सतारमेकर गल्लीत लाकडावर जो हात फिरतो त्यात ती जुनी झिलईची नजर आहे असं मला मनापासून वाटतं.

दस्ता अक्रोडाचा असेल. अक्रोडाच्या रेषा सरळ वरून आलेल्या उजेडात दिसतच नाहीत, पॉलिशची चकाकी तेवढी दिसते. उजेड बाजूने येऊ द्या आणि फोन थोडा तिरपा करा, चकाकी जिथून निघून जाते तिथं थांबा. त्या कोनात लाकूड आतून उघडतं. कॅमेरा असणाऱ्यांनी पोलरायझर फिल्टर लावून फिरवावा, लाकडाच्या पॉलिशवरची आणि तेलावरची चकाकी बरीच कमी होते. उघड्या धातूवरच्या चकाकीला मात्र पोलरायझरचा फारसा उपयोग नाही, तिथं ओगलेवाडींनी सांगितलेली पांढरी शीटच कामाला येते.

फोटोआधी दस्त्याला तेल चोपडू नका. कोरड्या मऊ कापडाने बोटांचे ठसे पुसा, बस. तेलाने लाकूड तासभर गडद दिसतं, भेगा बुजलेल्या दिसतात. आमच्याकडे भोपळ्याला गेलेली बारीक चीर पॉलिशखाली लपवून फोटो काढलेलं वाद्य एका कलाकाराला बाहेरच्या एका विक्रेत्याने पाठवलं होतं. वाद्य परत आलं, आणि त्या कलाकाराने पुन्हा कधी फोटोवर वाद्य घेतलं नाही. नुकसान त्या एका विक्रेत्याचं झालं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण ते सगळ्याच कारागिरांचं झालं.

शिराळापेठ

मी घेणाऱ्या बाजूचा माणूस. आमचं रान चांदोलीच्या कडेला. परवाना आहे, आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याच जाहिराती चाळल्यात. कोयनाकाठ दादा, माझ्यासारखा माणूस काय बघतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला फोटो ठरवता येतील.

बैल घेताना आपण आधी दात बघतो, झूल नाही. बंदुकीचं तसंच. पहिलं बघतो दस्त्याची मान, म्हणजे ॲक्शनच्या लगेच मागे जिथं लाकूड सगळ्यात बारीक होतं ती जागा. धक्क्याचा सगळा जोर तिथं येतो, भेग गेली तर तिथूनच जाते. त्या जागेचा दोन्ही बाजूंनी आणि वरून जवळचा फोटो जाहिरातीत नसला की मी पुढं बघत नाही. भेग असली तरी चालते हो! दुरुस्त होते, भावात धरता येते. न दाखवलेली भेग चालत नाही.

दुसरं बघतो स्क्रू. स्क्रूची खाच सरळ, कोरी असेल तर आत कुणी अडाण्याने हात घातलेला नाही. खाच चेपलेली, कडा उडालेल्या असतील तर बंदूक कुणीतरी घरच्या पेचकसाने खोललीय. एवढ्याशा फोटोतून इतिहास कळतो.

तिसरं नळ्या आतून. हा फोटो कुणीच टाकत नाही आणि खरी किंमत तिथंच ठरते.

चौथं नळ्यांवर मारलेले तपासणीचे शिक्के. जुनी विलायती आहे म्हणता, तर चेंबरची लांबी किती? जुन्या विलायती बंदुकांचे चेंबर पुष्कळदा अडीच इंची, ज्याला आपण ६५ मिमी म्हणतो, असतात. आज सर्रास मिळणारी काडतुसं ७० मिमीची. आखूड चेंबरमध्ये लांब काडतूस बसतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. म्हणजे हा शिक्का स्पष्ट दिसणं हा नुसत्या हौसेचा भाग नाही, घेणाऱ्याच्या हाताचा आणि डोळ्याचा प्रश्न आहे.

ओगलेवाडी

शिराळापेठ, तुमची पोस्ट धाग्याच्या वर लावावी अशी आहे. नळीच्या आतल्या फोटोचं आणि शिक्क्यांचं मी सांगतो.

नळ्या ॲक्शनपासून सोडवल्यावर टेबलावर आडव्या ठेवा. तोंडाच्या पुढे वीतभर अंतरावर पांढरा कागद उभा करा आणि त्या कागदावर खिडकीचा उजेड पडू द्या. नळीत थेट टॉर्च मारू नका, आतला आरसा झगमगतो आणि काहीच दिसत नाही. आता चेंबरच्या बाजूने, फोन नळीच्या बरोबर मध्यरेषेत धरा. आत प्रकाशाची गोल वर्तुळं एकात एक दिसतील. ती अखंड गोल असली की नळी सरळ आणि स्वच्छ. जिथं वर्तुळ मोडलेलं, चेपलेलं दिसतं तिथं पोचा. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे किंवा बारूदीची घाण. म्हणून आधी दुकानदारांकडून नळी साफ करून घ्या, म्हणजे घाण निघून जाईल आणि राहतील ते खरेच खड्डे. फोकस एकदा चेंबरच्या कडेवर, एकदा मधल्या भागावर आणि एकदा तोंडाजवळ, असे प्रत्येक नळीचे तीन फोटो काढा. उजवी-डावी लिहून ठेवा, नंतर गोंधळ होतो.

शिक्के नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतात, बंदूक जोडलेली असताना दिसत नाहीत. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ सालच्या कायद्याने उभं राहिलं. तिथं नळी जास्त दाबाची बारूद भरून तपासायची आणि पास झाली तरच शिक्का मारायचा, अशी पद्धत. मुकुटाखाली एनपी अशी अक्षरं असतील तर नळी धूररहित बारूदीसाठी तपासलेली आहे. ती नसतील तर तेही दिसू द्या, कारण काळ्या बारूदीच्या जमान्यातल्या नळीत आजचं काडतूस घालायचं नसतं.

हे शिक्के इतके उथळ आणि झिजलेले असतात की समोरून उजेड टाकला तर गायब होतात. खोली थोडी अंधारी करा. टॉर्चवर ट्रेसिंग पेपर धरून तो धातूच्या जवळजवळ पातळीत, अगदी आडवा आणा आणि हळूहळू गोल फिरवा. एका दिशेला अक्षराच्या कडेची सावली पडते आणि शिक्का एकदम वाचता येतो. तिथं थांबा. फोन फार जवळ नेऊ नका, तो स्वतःच उजेड अडवतो. वीतभर लांब राहून दोन पटीच्या लेन्सने काढा. दस्त्याच्या मुठीवरची जाळी, म्हणजे चेकरिंग, किती झिजलीय तेही याच आडव्या उजेडात कळतं. ब्ल्यूइंग उडालेल्या जागा मात्र पसरलेल्या उजेडात काढा, आडव्या उजेडात त्या आहेत त्याहून भयंकर दिसतात आणि मग उगाच स्वतःच्या वस्तूवर अन्याय होतो.

कोयनाकाठ

एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. खूप आभार. एक विचारायचं राहिलं. बंदुकीचा नंबर फोटोत दिसू द्यायचा का? दुकानदार म्हणतात दिसू दे, भाऊ म्हणतो झाक.

वाईघाट

माझं मत, दिसू द्यावा. नंबर झाकला की बघणाऱ्याच्या मनात शंका येते. परवान्यावर नंबर असतोच, लपवण्यासारखं काय आहे? विलायती बंदुकीचं वर्षही नंबरवरून काढता येतं, त्यात अभ्यासूंना रस असतो.

फलटणरोड

वाईघाट, शंकेचा मुद्दा बरोबर, पण उघड साइटवर पूर्ण नंबर मी टाकणार नाही. ज्याच्याकडे चोरीची किंवा बेकायदा बंदूक आहे त्याला खऱ्या, नोंदणीकृत बंदुकीचा नंबर आयताच मिळतो. उद्या तो नंबर भलत्याच नळीवर ठोकलेला सापडला तर पोलीस आधी कोयनाकाठांच्या दारात येतील. कागद साफ असले तरी हेलपाटे चुकत नाहीत.

शेवटचे तीन आकडे झाका आणि खाली सरळ लिहा: पूर्ण क्रमांक परवाना दाखवणाऱ्या खरेदीदाराला दुकानात मिळेल. मग शंका राहत नाही. परवान्याचा फोटो तर अजिबात टाकू नका, त्यावर पत्ता, जन्मतारीख, सगळं असतं.

वाईघाट

हे पटलं. परवाना दाखवल्यावर नंबर, असंच ठेवावं. वर्षासाठी पहिले आकडे पुरतात.

ओगलेवाडी

झाकताना नंबरवर चिकटपट्टी लावून फोटो काढा. नंतर फोनमध्ये धूसर करणं टाळा. हलकं धूसर केलेलं कधीकधी वाचता येतं, पट्टी लावलेलं वाचता येत नाही. पट्टी कागदी घ्या, तिचा गोंद धातूवर राहत नाही.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा, फोटो काढायच्या आधी. नाहीतर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश बसतात. तुमचं दुकानात आहे म्हणून फार बिघडणार नाही, पण जो घरी बसून स्वतःच्या बंदुकीचे फोटो काढतो तो नकळत कुठल्या घरात बंदूक आहे हे जगाला सांगतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते, पण फोटोचा जीवही जातो, खड्डे आणि शिक्के पुसट होतात. म्हणून लोक डॉक्युमेंट म्हणून पाठवतात. तसा पाठवलेला फोटो जसाच्या तसा जातो, स्पष्टही आणि लोकेशनसकटही! तेव्हा लोकेशन आधी बंद, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवणं, हाच क्रम.

मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, पत्त्याची पाटी, टेबलावरचं वीजबिल हे सगळं बाजूला. चकचकीत ॲक्शनमध्ये काय प्रतिबिंबित होतंय तेही मोठं करून बघा.

सांगली_टेन_मीटर

धागा बारा बोअरचा आहे, पण एअर रायफलवाल्यांसाठी थोडं लिहू का? मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सला कांस्य जिंकलेला स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे आपल्या भागात पोरं या खेळात यायला लागलीत. नवी परदेशी रायफल लाखांत जाते, म्हणून जुनीचा व्यवहार फार चालतो आणि तोही फोटोवरच.

तिथं लाकूड-नळीपेक्षा वेगळ्या गोष्टी बघतात. हवेच्या सिलिंडरवर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते, तिचा स्पष्ट फोटो पाहिजे, कारण सिलिंडरला मुदत असते आणि मुदत संपलेला घेतला तर नव्याचा खर्च डोक्यावर. प्रेशर गेजचा काटा दिसेल असा फोटो. नेम धरायची मागची आणि पुढची साइट, गाल टेकायचा चीकपीस, खांद्याला लागणारी बट प्लेट यांच्या सेटिंगच्या जागा, आणि पेटीत काय काय येतं ते एका फोटोत मांडून. आम्ही घेतलेल्या पहिल्या रायफलच्या जाहिरातीत साइट दिसत होती, पेटीत आली नाही, आणि विकणाऱ्याने "फोटो जुना होता" म्हणून हात वर केले. म्हणून पालकांनो, विकणाऱ्याकडून आजच्या तारखेचा कागद शेजारी ठेवून काढलेला एक फोटो मागा. प्रामाणिक माणूस लगेच देतो.

शिराळापेठ

तारखेचा कागद, हे आम्ही बारा बोअरवाल्यांनीही घ्यायला पाहिजे. मस्त सूचना ताई.

मायणी_माळ

एक शंका. एवढे दोष दाखवले तर भाव पडत नाही का? माझ्या चुलत्यांची इंडियन ऑर्डनन्सची डबल बार आहे, नळीवर गंजाचे डाग आहेत. ते म्हणतात डाग घासून पॉलिश मारून फोटो काढू.

शिराळापेठ

मायणीकर, घासू नका असं काकांना माझ्यातर्फे सांगा. घासलं की डागाबरोबर ब्ल्यूइंग जातं, नळीवरची कोरीव अक्षरं बुजतात, आणि जाणकाराला चटकन कळतं की कुणीतरी चकाकवलीय. मग तो विचार करतो, वरून एवढं घासलंय तर आत काय लपवलंय. भाव पडतो तो इथं.

जुन्या विलायतीला लोक एवढे पैसे का देतात? १९८०च्या दशकापासून साध्या परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, आहेत त्याच फिरतात. त्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. म्हणजे घेणारा आता विचार करकरून दोनमधली एक जागा तुमच्या बंदुकीला देणार असतो. तो तालुक्याच्या गावावरून दिवस मोडून, गाडीभाडं घालून दुकानात येतो. तिथं आल्यावर न दाखवलेली भेग निघाली तर तो भाव कमी करून घेत नाही, उठून जातो. आणि सगळं दाखवलेलं असलं की येतानाच मनाची तयारी करून येतो, घासाघीस थोडीच होते. माझा हा अनुभव आहे.

मिरजेचा_तंबोरा

शब्दन् शब्द खरा. वाद्यांतही हेच.

कोयनाकाठ

काल दुकानात जाऊन फोटो काढले. मागच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे, सकाळी ऊन येत होतं म्हणून दुपारी गेलो. पांढऱ्या शीटसाठी दुकानदारांनीच फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल काढून दिला. ती सरळ उजळ रेघ दोन्ही नळ्यांवर तोंडापर्यंत आली, कुठं मोडली नाही. दुकानदारही वाकून बघत होते, म्हणाले बाकीच्या बंदुकांचे फोटोही आता इथंच काढतो.

नळ्यांखालचे शिक्के आडव्या टॉर्चने वाचता आले. मुकुटाखाली एनपी आहे. चेंबरची लांबी अडीच इंच कोरलेली निघाली. वडील ही बंदूक इतकी वर्षं वापरत होते, पण हे आम्हा भावंडांना ठाऊक नव्हतं. डाव्या नळीत तोंडाकडून वीतभर आत बारीक खड्डे आहेत, फोटोत स्पष्ट आलेत. दस्त्याच्या मानेला भेग नाही, पण डाव्या गालाच्या जागी पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालंय. वडील डावखुरे होते, गाल तिथं टेकायचे. आई म्हणाली, तो फोटो आपल्याकडेही ठेव.

फोटो दुकानाच्या साइटवर चढलेत. बघून सांगावं काही राहिलं का.

शिराळापेठ

बघितले. इतकी स्वच्छ जाहिरात मी या भागातल्या कुठल्या दुकानाच्या साइटवर बघितलेली नाही. खड्ड्यांचा फोटो दिलात ते फार चांगलं केलंत. ६५ मिमीचं वाक्य मजकुरात पहिल्या ओळीत घ्या, सध्या ते तळाशी आहे. नवखा माणूस तळापर्यंत वाचत नाही.

ओगलेवाडी

मीही बघितले. लाकडाचा रंग अगदी खरा आलाय. दोन गोष्टी वाढवा. ॲक्शन उघडी असताना, नळ्या टेकतात ती उभी भिंत आणि फायरिंग पिनची दोन भोकं समोरून दिसतील असा एक फोटो. भोकांभोवती गंजाने खाल्लेलं आहे का ते जाणकार तिथं बघतो. आणि नळ्या जोडून बंद केल्यावर नळी आणि ॲक्शन यांच्यामधली फट दिसेल असा एक, मागे पांढरा कागद धरून. फटीतून उजेड आला तर बिजागरी सैल झालीय. न आला तर बंदूक घट्ट आहे हे न बोलता कळतं.

दुकानदारांना फोन करून परवा दुपारी वेळ घ्या. मला कराडहून यायला जमेल, पोलरायझर आणि स्टँड घेऊन येतो. मायणीकरांच्या काकांची बंदूकही त्याच दुकानात जमा असेल तर तिचेही तिथल्या तिथं काढून देतो, न घासता.

मायणी_माळ

काकांना विचारलं. घासायचं थांबवलंय. बंदूक विट्याकडच्या दुसऱ्या दुकानात आहे, त्या दुकानदारांना धागा दाखवतो आणि खिडकी कुठली आहे ते बघून इथं लिहितो.